पंगतीला कोण, वाढायला कोण

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच भांडण चाललं आहे. चुलत भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात, गावीच, कराडजवळ. जेवण पंगतीत द्यायचं की बुफे, यावर घर दुभंगलंय. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका आणि नवरीचे आजोबा, पंगतीचे. "माणसं हातात ताट घेऊन रांगेत उभी करणार असाल तर मला पत्रिका देऊ नका," हा त्यांचा निरोप नातवाने जसाच्या तसा टाइप करून टाकला. नवरी बुफेची. तिचं म्हणणं, हल्ली पंगत म्हणजे भाड्याचे वाढपी, बादल्या आपटत धावतात, "वाढू का" विचारेपर्यंत पुढच्या पानावर गेलेले असतात. पहिली पंगत मठ्ठ्यावर येते न येते तोच मागे दुसरी पंगत खुर्च्यांच्या पाठी धरून उभी. आपण जेवतोय आणि मानेवर कुणाचा तरी श्वास. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

त्यात एका पुतण्याने एक रील टाकलं. पेनसिल्व्हेनियातल्या अमिश लोकांचं, म्हणजे जुन्या राहणीला धरून असलेल्या एका ख्रिस्ती पंथाचं, लग्न: लांबच लांब टेबलं, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, बाहेर घोड्यांच्या बग्ग्या. खाली मराठीत मजकूर, 'अमेरिकेत आजही पंगत! ना वीज, ना मोबाईल, ना डायबेटिस. आणि आपण?' पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. अण्णांनी लगेच मला गाठलं. "तू तिथंच असतीस नव्हं? खरं का ह्ये?"

मी तिथंच असते. लँकेस्टर काउंटीत, न्यू हॉलंड गावाजवळ, १९ वर्षं झाली. आमच्या रस्त्यावर सहा घरं, त्यातली चार अमिश. त्यांना मोटार ठेवायला बंदी, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला नाही. त्यामुळे शेजारणीला दाताच्या डॉक्टरकडे नाहीतर घाऊक बाजारात न्यायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. अमिश नसलेला प्रत्येक माणूस त्यांच्या बोलीत 'इंग्लिश'. कृष्णाकाठची मी बाई, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, पण त्यांच्या हिशेबी इंग्लिश. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

ग्रुपवर मी चार ओळींत उत्तर दिलं आणि ते कुणालाच पटलं नाही. म्हणून हे सविस्तर.

रीलची वाक्यं आधी. 'ना वीज' हे अर्धं खरं. खांबावरच्या तारेतून येणारी वीज घरात घेत नाहीत. पण शेजारणीच्या स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा फ्रिज आहे, दिवे बॅटरीचे आहेत, गोठ्यावर सोलरचं पॅनेल आहे आणि पीठ मळायचं यंत्र दाबलेल्या हवेवर चालतं. त्या हवेला इथले लोक थट्टेने 'अमिश वीज' म्हणतात. दुधाची टाकी डिझेल इंजिनाच्या जोरावर गार होते, कारण गार केल्याशिवाय डेअरी दूध उचलत नाही. म्हणजे ही माणसं नवं यंत्र दिसलं की पळून जात नाहीत. आधी बसून ठरवतात की हे घेतलं तर घराचं आणि शेजाराचं काय होईल. ठरायला कधीकधी वर्षं लागतात. आणि फोटोसाठी उभं राहणं त्यांना मंजूर नाही, तेव्हा ते रील कुणी, कुठं आणि कसं काढलं हे देवाला ठाऊक.

'ना डायबेटिस' तर सोडूनच द्या. आहे त्यांच्यात. बाकीच्या गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कमी, पण आहे. आणि त्याचं श्रेय जेवणाला द्यायचं असेल तर एकदा शेजारणीचं सामान माझ्या गाडीच्या डिकीत चढवायला या. २५ पौंडांची साखरेची गोणी, मैदा, ब्राउन शुगर, जेलीची पाकिटं, मार्शमॅलो क्रीमचे डबे, पिवळंधमक डब्यातलं चीज. त्यांचा नावाजलेला शूफ्लाय पाय म्हणजे मैद्याच्या पारीत काकवी ओतून वर लोणी-साखर-मैद्याचा चुरा घालून भाजलेला प्रकार. (हा पाय खायचा, चालायचा पाय वेगळा.) तो सकाळी न्याहारीला कॉफीबरोबर खातात. आमच्या अण्णांची साखर मोजणाऱ्या डॉक्टरांनी ते बघितलं तर चक्कर येईल. भाज्यांची लोणचीसुद्धा व्हिनेगरइतकीच साखर घालून. फ्लॉवर, गाजर, घेवडा, मका सगळं एकत्र करून बरणीत भरतात, त्याला चाउचाउ म्हणतात, आणि पहिल्या घासाला मला वाटलं, कुणीतरी चुकून मुरांब्यात भाजी टाकली.

मग तब्येती बऱ्या कशा? २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या जुन्या वळणाच्या अमिश शेतकऱ्यांच्या कमरेला पावलं मोजायची यंत्रं लावली. पुरुषांची दिवसाची सरासरी १८,४२५ पावलं भरली, बायकांची १४,१९६. त्या पुरुषांत एकही लठ्ठ निघाला नाही. खाणं तेच: बटाटे, मांस, ग्रेव्ही, अंडी, पाव, केक. तेव्हा 'आजीसारखं खा' असं ज्या कुणाला फॉरवर्ड करायचं असेल त्याने आधी आजीसारखं पाणी शेंदावं. इथवर मी आणि नवरी एका बाजूला.

पण रीलमधला पंगतीचा भाग खरा आहे, आणि तो रीलपेक्षा पुष्कळ खोल आहे.

लँकेस्टरकडची अमिश लग्नं जुन्या रिवाजाने सुगी झाल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, मंगळवारी नाहीतर गुरुवारी. (आता लोकसंख्या वाढली, दिवस पुरेनात, म्हणून वसंतातही होऊ लागलीत.) सोयरीक जमलेली असते पण चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत गुपित. आता गुपित कसलं, कारण लग्नाच्या जेवणाला सेलरी ढिगाने लागते आणि ती उन्हाळ्यातच लावावी लागते. कोथिंबिरीचा थोराड भाऊ शोभेल अशी ही भाजी. ज्या घरात उपवर मुलगी आणि ज्याच्या परसात यंदा अचानक सेलरीच्या ओळीच्या ओळी, त्या घरावरून बग्गी नेताना बायका एकमेकींकडे बघतात. माझ्या शेजारणीने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, "तुझ्या गाडीतून सेलरीची रोपं आणायची आहेत, जरा जास्त आहेत." मी म्हटलं, "कुणाचं?" ती नुसती लाजली.

त्या लग्नाला मला बोलावलं. नोव्हेंबरातला गुरुवार. सकाळी साडेआठला प्रार्थना सुरू, तीन तासांहून जास्त, पाठ नसलेल्या बाकांवर. ऑसबुंड नावाच्या, सोळाव्या शतकातल्या जर्मन पदांच्या पोथीतून गायन, वाद्य एकही नाही, आणि चाल इतकी संथ की एका अक्षरावर माणूस श्वास घेऊन परत येतो. दुपारी बारा वाजले आणि मी जे बघितलं ते बघून मला चाळीस वर्षांपूर्वीचा आमचा वाडा आठवला. पुरुषांनी बाकं उचलली, त्यांचे पाय लाकडी घोड्यांत बसवले, आणि ज्याच्यावर बसलो होतो त्याचीच टेबलं झाली. भिंतीला धरून तिन्ही बाजूंनी टेबलं. खोलीच्या कोपऱ्यात नवरानवरीची जागा. त्या कोपऱ्याला 'एक' म्हणतात, त्यांच्या बोलीतला कोपराच. टेबलावर फुलांच्या जागी काचेच्या बरण्यांत उभी केलेली सेलरी, पानांसकट. शोभेलाही तीच आणि तोंडी लावायलाही तीच.

मुख्य पदार्थ 'रोश्ट'. भाजलेली कोंबडी सोडवून, पावाचा चुरा, लोणी आणि सेलरीत कालवून परत भट्टीत घातलेली. त्याच्याबरोबर कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, आंबटगोड पांढऱ्या सॉसमधली शिजवलेली सेलरी, कोबीची कोशिंबीर, सफरचंदाचा गर, मग पाय, डोनट. साडेतीनशे माणूस होतं. एका वेळी सगळे मावत नाहीत. पहिली पंगत, दुसरी पंगत, अक्षरशः. पहिली उठली की पोरींनी ताटं गोळा करायची, मागच्या खोलीत चार बायका नि दोन पुरुष कोपरापर्यंत फेसात हात घालून विसळणार, आणि तीच ताटं पुन्हा मांडली जाणार.

वाढायला कोण होतं ते सांगते. नवरीचे काका, मावश्या, चुलत्या, भावंडं. स्वयंपाकाला नात्यातली आणि शेजारची जोडपी नेमली होती, जोडपी म्हणजे नवरा आणि बायको दोघंही. ज्याच्या शेतात मी मका आणायला जाते तो सहा फुटी दाढीवाला पहाटे चारपासून बटाटे सोलत होता. त्याला सांगितलं होतं बटाटे, म्हणून बटाटे. पुढच्या मंगळवारी त्याच्या भाचीचं लग्न, तिथं आजचा नवरीचा बाप बटाटे सोलणार. पैशाने हिशेब केला तर एवढ्या माणसांच्या मानाने खर्च फार नाही. श्रमाने केला तर मोजता येणार नाही, आणि तो श्रम कुणी विकत घेतलेला नसतो. अगदीच सगळं जुनं आहे असंही नाही: शेगड्या, पातेली, ताटं, सिंक असलेली चाकांवरची स्वयंपाकघरं आता भाड्याने मिळतात आणि ती बहुतेक जण आणतात. भांडी भाड्याची चालतात, माणसं घरचीच.

जेवणाआधी कुणी श्लोक म्हणत नाही. सगळे माना खाली घालतात आणि गप्प. किती वेळ, ते घरातला मोठा ठरवतो. तो जरा खाकरला की माना वर. जेवण झाल्यावर पुन्हा तेच. आमच्या पंगतीत श्लोकाची चढाओढ लागायची, शेवटी कुणीतरी 'हर हर महादेव' करायचं, आणि यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरायचा. इथं यजमान फिरत नाही, आग्रह नाही, जिलेबीची पैज नाही. मला जरा अळणी वाटलं. पण पोट भरून उठले आणि कुणी मागे खुर्ची धरून उभं नव्हतं. पुढची पंगत बाहेर अंगणात गाणी गात थांबली होती.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर अण्णा म्हणाले, "बघा!" आणि नवरी म्हणाली, "आत्या, आपल्याकडे बटाटे कोण सोलणार? अण्णा?" तिचा प्रश्न योग्य आहे. आमच्या लहानपणी लग्नाच्या आदल्या रात्री घरटी एक माणूस भाजी चिरायला यायचं, चुलाणावर आचाऱ्याच्या हाताखाली गावातली दहा माणसं असायची, आणि भावकीतली पोरं मुंडासं बांधून वाढायला उतरायची. कुणी भाताची परात घेई, कुणी वरणाची बादली, शेंबडी पोरं मीठ आणि लिंबू. आता ती पोरं पुण्यात आणि बंगळुरात आहेत, लग्नाला आदल्या संध्याकाळी पोचतात आणि शेरवानी घालून बसतात. मी तर त्यांच्याही पुढची, आठ हजार मैलांवरून पंगतीचे गोडवे गाणारी. आमच्या इकडच्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या कॅन्टीनमध्ये होतो, केटररच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून आपापलं वाढून घ्यायचं आणि उभ्याने खायचं. तेव्हा माझ्या मताला किती वजन द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

तरी एक गोष्ट आहे जी इथं राहूनच मला दिसली, आणि ती गावाकडच्या चर्चेत कुणी काढत नाही.

आपल्याकडे लग्नाच्या खर्चावर बोलणं आता वाढलंय. २०२५ साली मराठा समाजाच्या बैठकांमध्ये आचारसंहिता ठरल्या: माणसं मर्यादित, डीजे नको, प्री-वेडिंग शूट नको. आमच्या ग्रुपवरही त्या फिरल्या, अंगठे उठले, आणि त्याच आठवड्यात एकाने साखरपुड्यालाच ड्रोन आणला. कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण आणि कुठल्या जोरावर?

अमिश लोकांचं पाहा. त्यांची प्रार्थना एक रविवार सोडून एक रविवार, चर्चची इमारत नाही, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. वीस-पंचवीस, फार तर चाळीस कुटुंबांचा एक गट. प्रार्थनेनंतर यजमानाने जेवण द्यायचं, आणि ते काय द्यायचं हे ठरलेलं: पाव, पीनट बटरमध्ये मार्शमॅलो आणि पाक घोटून केलेलं एक गोड चिकट मिश्रण, चीज, काकडीचं लोणचं, बीटचं लोणचं, वाळवलेल्या सफरचंदाचा पाय, कॉफी. गटागटात थोडा फरक, पण गटाच्या आत सगळ्यांकडे तेच. श्रीमंताकडेही पाव-लोणचं आणि कालच लग्न झालेल्या जोडप्याकडेही पाव-लोणचं. कुणाच्या घरी काय होतं ही चर्चाच संपली. पुरुष एका टेबलाला, बायका दुसऱ्या, मोठी माणसं आधी, पोरं शेवटी. ते मीठगोड मिश्रण मला अजून आवडत नाही, पण या एका नियमाचा मला हेवा वाटतो. चाळीस काउंटरचा बुफे ज्याला परवडत नाही त्या बापाला विचारा हेवा का ते.

असे नियम ज्यात असतात त्याला ते 'ऑर्डनुंग' म्हणतात. बहुतेक ठिकाणी लिहिलेला नसतो. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून होणाऱ्या विधीच्या) आधी, सभा भरते. सगळ्या नियमांची उजळणी होते आणि प्रत्येकाला विचारलं जातं, मान्य आहे का. एकमत झालं नाही तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. एक पाव, एक पेला, सगळ्यांनी त्यातूनच. मनात अढी ठेवून त्याला हात लावायचा नाही. मग एकमेकांचे पाय धुतात. हे ऐकून अण्णांना गहिवरून आलं असणार, कारण त्यांनी व्हॉइस मेसेजमध्ये नुसतं "हूं" म्हटलं.

पण या नियमांना जोर कशाचा, ते मी एका रविवारी दुपारी बघितलं.

शेजारणीचा दुसरा मुलगा. त्यांच्यात बाप्तिस्मा लहानपणी नसतो. मोठं झाल्यावर, समजून-उमजून, स्वतःच्या तोंडाने शपथ घ्यायची. दहातली आठ-नऊ पोरं घेतात. न घेता बाहेर पडलं तर आईबाप रडतात, पण येणं-जाणं, जेवणखाण राहतं. शपथ घेऊन मोडली तर मात्र बहिष्कार, 'माइदुंग'. याने एकोणिसाव्या वर्षी शपथ घेतली आणि चोविसाव्या वर्षी मोटारवाल्या चर्चमध्ये गेला. बायकोपोरांसह आईला भेटायला आला होता. मी मसालेभात करून नेला होता, कारण शेजारणीच्या धाकट्या मुलींना तो आवडतो, काजू वेचून खातात. स्वयंपाकघरात लांब टेबल, वर फुलाफुलांचा एकच टेबलक्लॉथ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पातेलं मधोमध ठेवायला गेले आणि कापड खाली बसलं. हाताखाली लाकूडच नव्हतं. शेजारणीने चटकन पातेलं धरलं आणि आपल्या बाजूला ओढून घेतलं.

दोन टेबलं होती. मध्ये चार बोटांची फट. वरून एक कापड.

मुलगा, सून, नातवंडं त्या टेबलाला. आईबाप, भावंडं या टेबलाला. बोलणं चालू, हसणं चालू. मुलाने बटाट्याचं भांडं उचललं, बापाच्या हातात दिलं नाही. कापडावर ठेवलं, हात मागे घेतला, मग बापाने उचललं. बहिष्कृताच्या हातून काही घ्यायचं नाही. ठेवलेलं उचललं तर चालतं. मी परधर्माची, परदेशाची, मला कुठल्याही टेबलाला बसायची मुभा. मी त्या फटीपाशी बसले आणि जेवताना गुडघा सारखा दोन्ही टेबलांच्या पायांना लागत होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही फट अपवाद नाही, या पंथाचा उगमच तिथला. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात याकोब अमान नावाच्या धर्मोपदेशकाने आग्रह धरला की बहिष्कृताला फक्त प्रभुभोजनातून वगळून भागणार नाही, रोजच्या जेवणाच्या टेबलावरूनही वगळलं पाहिजे. हान्स राइस्ट वगैरे मंडळी म्हणाली, एवढं नको. तिथं फूट पडली. अमानच्या बाजूचे ते अमिश. आज अमेरिकेत चार लाखांच्या घरात असलेल्या समाजाचं नाव, बग्गी आणि टोपीच्या कितीतरी आधी, कुणाबरोबर जेवायचं आणि कुणाबरोबर नाही या भांडणातून पडलंय.

हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं, "बघा, गोऱ्यांतही आहे." आहे. पण आपल्याला हे गोऱ्यांकडून शिकायची गरज पडली नव्हती. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा पुढे आला, टिळक-रानड्यांसारखी माणसं तिथं होती, नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एक कप चहा. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर गावकुसाबाहेरच्यांना पंगत म्हणजे काय होतं हे पंगतीचे गोडवे गाताना आपण सोयीने विसरतो. त्यांची पान मांडायची जागा ठरलेली होती, बहुतेक वेळा मांडवाच्या बाहेर, सगळे उठल्यावर.

आणि हे फार जुनंही नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ साली. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याआधी मुंबई राज्याने १९४९ मध्ये एक केला होता, तो दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला, धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. इथंही १९४७ साली ओहायोत एक अमिश शेतकरी कोर्टात गेला होता. आजारी मुलीला डॉक्टरकडे न्यायला मोटार लागते म्हणून तो मोटार चालणाऱ्या चर्चमध्ये गेला आणि गावाने त्याला टाकलं. ज्यूरीने त्याला ५,००० डॉलर भरपाई दिली. भरपाईने कुणी त्याच्याबरोबर जेवायला बसलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे अडचण अशी आहे. अमिश पंगत टिकली कारण नियम मोडला तर फट पडते हे प्रत्येकाला माहीत आहे. आपली आचारसंहिता टिकत नाही कारण मोडली तर काहीच होत नाही. आणि आपल्याकडे जेव्हा काही व्हायचं, तेव्हा ते मोटार घेणाऱ्याला किंवा ड्रोन आणणाऱ्याला होत नव्हतं. ते कुणाला व्हायचं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आता ते लिहितेच.

माझ्या एका चुलत भावाने जातीबाहेर लग्न केलं. वर्षभर घरात मौन, मग सगळं सुरळीत. वाळीत वगैरे कुणी टाकलं नाही, आम्ही शिकलेली माणसं. २०११ साली घरात दुसरं लग्न होतं, पंगत बसली, मी सुट्टीवर गेले होते. वहिनींनी पदर खोचला आणि वरणाची बादली उचलली. दोन पानं वाढलीही. तेवढ्यात घरातली एक मोठी बाई आली, वहिनींच्या हातातली बादली हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही दमाल. बसा जरा." आवाज अगदी मायेचा. बादली माझ्या हातात दिली. मी वाढत पुढे गेले. मी दमेन असं कुणाला वाटलं नाही.

वहिनी शेवटच्या पंगतीला, बँडवाले आणि गाडीवाले जेवायला बसले त्यांच्याबरोबर जेवल्या. कुणी बसवलं नव्हतं, त्या आपल्या आपणच बसल्या. तेव्हा मला काहीच खटकलं नाही. खटकलं ते इथं, पातेलं ठेवताना कापड खाली बसलं तेव्हा, आठ वर्षांनी.

बुफेच्या बाजूने बोलण्यासारखं एक आहे आणि ते नवरीच्याही लक्षात आलेलं नाही. बुफेत डाव कुणाच्या हातात आहे हे कुणी बघत नाही. केटररच्या पोराची जात कुणी विचारत नाही. ज्यांना पंगतीत जागा नव्हती त्यांच्या दृष्टीने ती रांग भिकाऱ्याची नसेल, पहिली सरळ रांग असेल. अण्णांना हे कुणी सांगायचं?

तरी माझं मत पंगतीला. सेलरीच्या बरण्या बघितल्यापासून आणि त्या बटाटेवाल्याला बघितल्यापासून ते पक्कं झालंय. एकशे वीस माणसं, दोन पंगती, वाढपी घरचे, नवऱ्याकडच्यांसकट. पुण्या-बंगळुरूच्या पोरांनी दोन दिवस आधी यायचं आणि शेरवानी पंगती उठल्यावर घालायची. तिकीट काढून मीही येते, काकडी चोचवते. आणि कोण काय वाढणार याची यादी अण्णांनी स्वतः ग्रुपवर टाकायची, नावानिशी, सगळ्यांना दिसेल अशी.

हे शेवटचं वाक्य मी परवा ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'वरण: वहिनी.' निळ्या खुणा सत्तावीस जणांच्या आल्या. अंगठा एकाचाही नाही.

काल रात्री नवरीचा वेगळा मेसेज आला. "आत्या, मी काकूंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, वरण नको, ते सांडतं, मी भात घेते. अण्णा अजून काही बोलले नाहीत. पण केटररला दिलेला ॲडव्हान्स त्यांनी परत मागवलाय."